आपोआप बंद होणारे कंस : व्हीएस कोडमध्ये हवे तेवढेच कसे ठेवावेत

व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहिण्याच्या एडिटरमध्ये उघडणारा कंस टाइप केला की बंद होणारा कंस एडिटर स्वतःच घालतो. या सोयीला कंटाळून अनेक जण ती पूर्णपणे बंद करतात, पण तसे करण्याची सहसा गरज नसते. आपण जिला एकच सोय समजतो, तिच्यामागे अनेक स्वतंत्र सेटिंग्ज असतात आणि त्रास बहुधा त्यांपैकी एखादीमुळेच होत असतो.

सेटिंग्ज उघडण्यासाठी कंट्रोल आणि स्वल्पविराम, मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम, एकत्र दाबावेत व शोधचौकटीत ‘ऑटो क्लोजिंग’ हे शब्द रोमन लिपीत लिहावेत.

माझ्या मते सर्वांत त्रासदायक प्रकार दुहेरी कंसाचा आहे. आपण कंस उघडून आतला मजकूर लिहितो, मध्येच वरच्या ओळीतले व्हेरिएबलचे नाव दुरुस्त करून परत येतो आणि सवयीने बंद कंस टाइप करतो, तेव्हा आधीच्या कंसाशेजारी आणखी एक कंस उमटतो. ‘ऑटो क्लोजिंग ओव्हरटाइप’ ही सेटिंग मुळात ‘ऑटो’वर असते. त्या स्थितीत बंद कंस टाइप केल्यावर नवा कंस न घालता एडिटर पुढे सरकतो, पण फक्त स्वतः घातलेल्या कंसावरून, आणि कर्सर त्या जोडीबाहेर गेला की तो कंस एडिटरनेच घातला होता ही नोंद सोडून देतो. येथे ‘ऑलवेज’ निवडल्यास दुहेरी कंस उमटत नाही. मात्र राहून गेलेला कंस तसल्याच दुसऱ्या बंद कंसाच्या लगेच आधी घालायचा असेल, तर पहिल्या वेळी कर्सर नुसता पुढे सरकतो आणि कंस पुन्हा एकदा टाइप करावा लागतो. ही किंमत मला तरी परवडते.

नको तिथे जोडी उमटत असेल, तर ‘ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स’मध्ये ‘बिफोर व्हाइटस्पेस’ निवडावे, म्हणजे कर्सरपुढे मोकळी जागा असेल तरच कंस बंद होईल. आधी लिहिलेल्या पदावलीभोवती कंस घालण्यासाठी कर्सर तिच्या आरंभी नेण्याऐवजी ती संपूर्ण निवडून उघडणारा कंस टाइप करावा. ‘ऑटो सराउंड’मुळे दोन्ही कंस योग्य जागी बसतात, आणि हीच सवय सर्वाधिक वेळ वाचवते.

अवतरणचिन्हांसाठी ‘ऑटो क्लोजिंग कोट्स’ ही वेगळी सेटिंग आहे. ती एखाद्याच प्रोग्रॅमिंग भाषेत नडत असेल, तर कमांड पॅलेटमधून (एडिटरचे आदेश शोधून देण्याच्या चौकटीतून) ‘कॉन्फिगर लँग्वेज स्पेसिफिक सेटिंग्ज’ हा आदेश देऊन त्या भाषेपुरती ‘नेव्हर’ करावी. बदल लगेच लागू होतो.