ईआरओएफएस: माउंट करताना कोणती कॅश स्ट्रॅटेजी द्यायची?

ईआरओएफएस ही लिनक्समधली रीड-ओन्ली कॉम्प्रेस्ड फाइलसिस्टीम. 2019 च्या 5.4 कर्नलपासून ती मुख्य शाखेत आहे आणि अँड्रॉइडच्या सिस्टीम पार्टिशनसाठीही वापरली जाते. माउंट करताना ‘कॅश स्ट्रॅटेजी’ (दोन शब्दांत अंडरस्कोर) या पर्यायाला डिसेबल्ड, रीडअहेड किंवा रीडअराउंड असं मूल्य देता येतं. काहीच दिलं नाही, तर रीडअराउंड लागू होतं.

समजा एक क्लस्टर (एकत्र कॉम्प्रेस केलेला डेटाचा गठ्ठा) डिकॉम्प्रेस झाल्यावर, म्हणजे उलगडल्यावर, 16 केबीचा होतो आणि वाचन त्याच्या मध्यावरच थांबलं. मेमरी वाचवण्यासाठी ईआरओएफएस कॉम्प्रेस्ड डेटा शक्यतो त्याच पेजेसमध्ये (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत) आणते, जिथे उलगडलेला डेटा जाणार असतो. उलगडताना मूळ बाइट्स पुसले जातात. मग उरलेला भाग मागितला की तोच क्लस्टर डिस्कवरून पुन्हा आणावा लागतो! डिसेबल्डमध्ये नेमकं हेच होतं. रीडअहेडमध्ये शेवटचा अर्धवट क्लस्टर कॉम्प्रेस्ड रूपातच मेमरीत ठेवला जातो, कारण सलग वाचनात पुढची मागणी तिथूनच सुरू होते. रीडअराउंड दोन्ही टोकांचे अर्धवट क्लस्टर जपतं.

अ‍ॅप आणि लायब्ररी असलेल्या इमेजला (माउंट करायच्या ईआरओएफएस फाइलला) रीडअराउंडच ठेवा. तिथे पेज फॉल्ट (मेमरीत नसलेल्या पेजची मागणी) कुठेही, मागेपुढे पडतात. मोठ्या फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जात असतील तर रीडअहेड पुरतं. डिसेबल्ड फक्त मेमरी खरोखर तुटपुंजी असेल तेव्हाच, आणि तेही मोजून. ही कॅश मेमरीचा ताण आला की कर्नल परत घेऊ शकतो, त्यामुळे बचत वाटते तितकी नसते. इमेज बनवताना कॅपिटल ‘सी’ पर्यायाने 65536 बाइट्सचे क्लस्टर केले असतील, तर प्रत्येक दुबार वाचन आणखी महाग पडतं.

तपासताना अनमाउंट करा, कर्नलची कॅश रिकामी करणाऱ्या ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलमध्ये 3 लिहा, नवा पर्याय देऊन माउंट करा आणि प्रत्यक्ष कामाचाच वेळ मोजा. लूप डिव्हाइसवर (म्हणजे साधी फाइल डिस्कसारखी माउंट केली असेल तेव्हा) ड्रॉप कॅशेस विसरलात, तर इमेज आधीच मेमरीत असल्यामुळे तिन्ही आकडे सारखे येऊ शकतात. लागू असलेलं मूल्य ‘प्रॉक माउंट्स’मध्ये दिसतं.

डिव्हाइसची रीडअहेड विंडो, म्हणजे कर्नल मागणीच्या पुढचा किती डेटा आधीच वाचतो ते, मात्र वेगळी गोष्ट आहे. ‘ब्लॉकडेव्ह’ ही कमांड ती 512 बाइट्सच्या सेक्टरमध्ये दाखवतं, म्हणजे 256 हा आकडा 128 केबीचा असतो. ती बदलली तरी आधीच उघडलेल्या फाइलवर परिणाम होत नाही. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करूनच मोजा.