निर्जन किनाऱ्यावरून देवमासे आणि डॉल्फिन कसे पाहावेत

देवमासे आणि डॉल्फिन हे हवेत श्वास घेणारे सस्तन प्राणी असल्यामुळे त्यांना अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर यावेच लागते, आणि किनाऱ्यावरून त्यांना पाहण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीवर उभे आहे. बोटीने त्यांच्यामागे जाण्यापेक्षा कड्यावर बसून वाट पाहणे मला केव्हाही अधिक योग्य वाटते, कारण तिथे आपल्या असण्याने त्यांच्या वागण्यात काहीच फरक पडत नाही.

सुरुवात नकाशापासून करावी. समुद्रात पुढे घुसलेले भूशिर आणि त्याच्याजवळ एकदम वाढणारी खोली असा मेळ जिथे असतो, तिथे पुष्कळदा भक्ष्य गोळा होते आणि त्यामागून मोठे प्राणी येतात. न्यूझीलंडमधील कैकोरा येथे समुद्रतळावरील खोल घळ किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून एरवी खोल समुद्रात वावरणारे स्पर्म व्हेल तिथे वर्षभर आढळतात. हंगामाचीही चौकशी आधीच करावी, कारण बरेच मोठे देवमासे स्थलांतर करतात. दक्षिण आफ्रिकेतील हर्मानसजवळ सदर्न राइट व्हेल प्रामुख्याने जून ते नोव्हेंबर या काळात दिसतात. डॉल्फिनच्या बाबतीत मात्र भरती-ओहोटीचे वेळापत्रक हाताशी असावे. स्कॉटलंडमधील चॅनोनरी पॉइंट येथे भरती चढू लागली की सॅमन माशांच्या शिकारीसाठी बॉटलनोज डॉल्फिन किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात.

त्यानंतर बसण्याची जागा ठरवावी. पाण्याच्या काठावर उभे राहिल्यास क्षितिज ५ किलोमीटरच्या आतच संपते, तर ३० मीटर उंचीवरून ते सुमारे २० किलोमीटरवर जाते. सूर्य पाठीशी असेल अशी वेळ निवडावी आणि वारा पाहूनच निघावे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला, म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत वारा ३ वर पोहोचला, की प्राण्याच्या पाठीवरचा लहानसा पर त्या फेसात हरवून जातो.

दुर्बीण ८ बाय ४२ किंवा ७ बाय ५० या मापाची पुरेशी आहे; यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटींहून अधिक मोठे दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. तिला तिपाई हवीच.

आता खरे काम सुरू होते. दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नये. आधी नुसत्या डोळ्यांनी समुद्राचा संपूर्ण पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पाहावा आणि पाण्याचा नेहमीचा पोत नजरेत बसू द्यावा, म्हणजे त्यात न बसणारी गोष्ट आपोआप खटकते: एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारणारे पक्षी, वाऱ्याच्या दिशेशी न जुळणारी खळबळ, देवमाशाच्या उच्छ्वासाचा क्षणभर उभा राहून विरणारा धुरकट फवारा. मगच दुर्बिणीने तो भाग पाहावा. फवारा दिसताच त्याच्या रेषेत असलेला एखादा खडक लक्षात ठेवावा आणि घड्याळ पाहावे. मोठा देवमासा बहुधा काही श्वास लागोपाठ घेतो आणि नंतर खोल बुडी मारतो. हंपबॅक व्हेल त्या वेळी पाठीची कमान करून पुष्कळदा शेपटी पूर्ण वर काढतो. बुडीच्या जागी शेपटीच्या रेट्याने वर ढकललेल्या पाण्याचा गुळगुळीत, तेलकट भासणारा गोल काही काळ टिकतो. हंपबॅक काही मिनिटांत पुन्हा वर येईल, पण स्पर्म व्हेलसाठी पाऊण तासही थांबावे लागते. नवखा माणूस नेमका याच अवधीत उठून जातो, याचे मला वाईट वाटते.

ओळख पटवताना फवाऱ्याचा आकार फार उपयोगी पडतो. राइट व्हेलचा फवारा समोरून किंवा मागून पाहिल्यास दोन फाट्यांचा दिसतो आणि त्याच्या पाठीवर परच नसतो. स्पर्म व्हेलचा फवारा पुढे आणि डावीकडे कललेला असतो, तर निळ्या देवमाशाचा सरळ, उंच खांबासारखा उठतो. जोराच्या वाऱ्यात मात्र या आकारांवर विसंबू नये. वेळ, दिशा, संख्या आणि वागणूक यांची तिथल्या तिथे नोंद करावी. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते, त्यामुळे तिचे स्पष्ट छायाचित्र अभ्यासकांनाही उपयोगी पडते.

निर्जन किनाऱ्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही. कुठे जात आहोत आणि केव्हा परतणार हे कुणाला तरी सांगून निघावे. ओल्या खडकांवर उतरू नये, कड्याच्या ठिसूळ कडेपासून दूर बसावे आणि भरतीने परतीची वाट बंद होणार नाही याची खात्री करून घ्यावी.

बोटीने जायचेच असेल, तर स्थानिक नियम पाळणारा चालक निवडावा. अनेक ठिकाणी देवमाशांपासून किमान १०० मीटर अंतर राखावे लागते; समोरून किंवा थेट मागून त्यांच्याकडे जाऊ नये, आणि आई व पिल्लू यांच्यामध्ये तर कधीही शिरू नये.

किनाऱ्यावर जिवंत प्राणी अडकलेला आढळल्यास त्याला पाण्यात ढकलू नये किंवा शेपटीने ओढू नये. प्रथम बचाव यंत्रणेला कळवावे, गर्दी आणि कुत्री दूर ठेवावीत, आणि सुरक्षित असेल तरच, शेपटीच्या टप्प्याबाहेर राहून, त्याची त्वचा ओली ठेवावी. श्वासरंध्रात मात्र पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. त्या यंत्रणेचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच नोंदवहीत लिहून घ्यावा.