तेशिमाला जायचं तर मंगळवार टाळा

आमच्या कोथरूडच्या सकाळच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांची मुलं परदेशात. त्यामुळे मी जपानहून परतल्यापासून तिघांनी एकच प्रश्न विचारलाय, "ते तेशिमा बेटावरचं म्युझियम म्हणालात, तिथं जायचं कसं?" एका कटिंगमध्ये सांगून होत नाही, म्हणून एकदाच लिहून काढतो.

आधी वार बघा, विमानाचं तिकीट नंतर. नाओशिमा बेटावरची बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात, शेजारच्या तेशिमाचं मंगळवारी. डिसेंबर ते फेब्रुवारी तेशिमा मंगळवार ते गुरुवार बंद. त्यात सोमवारी सरकारी सुट्टी आली की सगळं एक दिवस पुढे सरकतं. मी 34 वर्षं बांधकामाच्या साइटवर कामाच्या वेळापत्रकाचे बारचार्ट केले, आणि तरी मंगळवारी सकाळी तेशिमाच्या धक्क्यावर उतरलो. ही काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त लागतं.

पुण्याहून जपानला थेट विमान नाही. कुठूनही जा, गाठायचं ओकायामा. शिन-ओसाकाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण-एक तास. तिथून लोकलने उनो, अजून तासभर धरा. काही गाड्या मध्ये चायामाचीला बदलाव्या लागतात. उनो स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच धक्का. नाओशिमाच्या मियानोउरा बंदराला मोठी फेरी 20 मिनिटांत नेते. तेशिमाला जाणाऱ्या बोटी मात्र छोट्या, जागा मोजक्या. भरली की भरली, आपल्या एसटीसारखं 'सरका जरा पुढे' तिथं चालत नाही. अर्धा तास आधी रांगेत उभं राहा. आणि म्युझियमची वेळेची तिकिटं घरूनच ऑनलाइन काढून ठेवा.

नाओशिमाबद्दल थोडक्यात सांगतो. धक्क्याच्या टोकावर बसलेला जपानी कलाकार यायोई कुसामांचा पिवळा भोपळा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. तो 1994 चा. 2021 च्या वादळात समुद्रात गेला, 2022 मध्ये नवा करून पुन्हा बसवला. फोटोसाठी रांग असते, सकाळी लवकर उरका. खरा वेळ द्यायचा तो चिचू म्युझियमला. वास्तुरचनाकार तादाओ आंदोंनी 2004 मध्ये ते जवळजवळ अख्खं टेकडीच्या पोटात घातलं, वरून फक्त जमिनीत कोरलेले चौकोन-त्रिकोण दिसतात. फ्रेंच चित्रकार मोनेच्या कमळांची पाच चित्रं तिथं दिवे न लावता, वरून येणाऱ्या उजेडात बघायची. ढग आला की चित्र बदलतं, म्हणून त्या खोलीत दोनदा जा. बूट काढून आत जायचं. पायाखाली पांढऱ्या संगमरवराचे दोन-दोन सेंटिमीटरचे ठोकळे, सुमारे सात लाख. चित्रांइतकाच वेळ मी खाली बघत होतो. सांधे एका ओळीत! आमच्या साइटवर बाथरूमची फरशी एका ओळीत यायची नाही.

आता तेशिमा, अर्थात उघडं असेल त्या वारी. इएउरा बंदरावर बॅटरीची सायकल भाड्याने मिळते, तीच घ्या. मी कॉलेजला हर्क्युलसवर जायचो, त्या जोरावर साधी सायकल बघत होतो. हिने मला हात धरून बॅटरीवालीकडे नेलं. वेताळ टेकडी न थांबता चढत असाल तर साधीचा विचार करा, नाहीतर नको. चढ संपला की एकदम समुद्र दिसतो आणि उतारावर भातखाचरं. मुळशीकडे बांध घातलेली असतात तशीच. ती पडीक झाली होती, गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा लागवडीखाली आणली. त्यांच्या मधोमध पांढरा थेंब सांडल्यासारखं म्युझियम.

हे 2010 चं, वास्तुरचना र्‍यूए निशिझावांची. आत एकच कलाकृती, रेई नाइतोंची. 40 बाय 60 मीटरचा गाळा, उंची जेमतेम साडेचार मीटर, काँक्रीट 25 सेंटिमीटर जाड, आणि एकही कॉलम नाही, बीम नाही. मी आधी फॉर्मवर्कच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या खुणा शोधल्या. सापडल्या नाहीत, कारण फळ्या नव्हत्याच. मातीचा ढीग रचला, त्यावर काँक्रीट ओतलं, पक्कं झाल्यावर आतली माती उपसून काढली. लहानपणी पायावर ओली वाळू थापून पाय अलगद ओढून घ्यायचो, तोच खोपा.

वर दोन मोठी भोकं, काच नाही. पाऊस, पानं, किडे, वारा, सगळं आत येतं. इथंही बूट काढायचे, म्हणून मोज्यांची जादा जोडी ठेवा. फोटो नाही, मोबाइल नाही, बोलणं नाही. मी खोकलो तर खोकला चार भिंती नसताना फिरून परत आला. जमिनीवर छोट्या पांढऱ्या चकत्या, गोळ्या असतात, त्यावर पाय देऊ नका.

आणि बसा. निदान अर्धा तास. जमिनीतल्या बारीक छिद्रातून भुईतलं पाणी मोहरीएवढं वर येतं. फुगतं, थरथरतं, थबकतं. मग उताराला लागून सरसर पळत सुटतं, वाटेत दुसऱ्या थेंबाला चिकटतं, वळतं, शेवटी मोठ्या थारोळ्यात जातं. माझी उभी हयात स्लॅबमधून पाणी येऊ नये म्हणून गेली. वरच्या मजल्याच्या बाई फोन करायच्या, "साहेब, ओल आली," आणि मी रात्री झोपायचो नाही. इथं चाळीस मिनिटं मी पाणी कुठून येतंय ते बघत बसलो आणि कुणाला फोन करायचा नव्हता.

एक जाता जाता. हे बेट काही अस्पर्श वगैरे नाही. इथं कारखान्यांचा विषारी कचरा बेकायदा टाकला गेला. गावकरी वर्षानुवर्षं लढले आणि 9 लाख टनांहून जास्त कचरा उपसून नाओशिमाला नेऊन नष्ट केला, ते काम 2017 पर्यंत चाललं. पुण्याचा कचरा झेललेल्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांना हे वाचून काय वाटेल ते मी लिहायला नको.

खाण्याचं: बेटावर दुकानं थोडी, शाकाहारी माणसाचे हाल. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, धक्क्यावरच्या बाकावर खाल्ली. कचरापेट्या नसतात, पिशवी जवळ ठेवा. रोख येनही ठेवा. जायला मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जून-जुलैत पाऊस, पुढे वादळं. दर तीन वर्षांनी या बेटांवर सेतोउची कलामहोत्सव भरतो, 2025 ला झाला. त्या वर्षी गर्दी.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याउतरल्या फलकावरून फोनमध्ये टिपून घ्या. आम्ही घेतली होती. तरी बूट घालून झाल्यावर ही म्हणाली, "एक मिनिट," आणि पुन्हा काढून आत गेली. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा खलाशाच्या हातात दोर होता.