आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो तेव्हा: ध्वनिमुद्रणातील लेटन्सीचा शोध आणि उपाय

संगणकावर गाणे किंवा निवेदन मुद्रित करताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज किंचित मागून येऊ लागला (या उशिरालाच लेटन्सी म्हणतात), की लय सैल होते आणि तयारीचा गायकही अडखळतो. ही तक्रार करणारे बरेच जण दोन वेगळ्या बिघाडांची गल्लत करतात. मुद्रण चालू असताना आवाज उशिरा ऐकू येणे हा एक बिघाड, आणि मुद्रण झाल्यावर नवा ट्रॅक आधीच्या ट्रॅकच्या मागे पडलेला आढळणे हा दुसरा. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे आपली अडचण यांपैकी कोणती, हे आधी ठरवावे.

त्यासाठी हेडफोन लावून माइकच्या जाळीवर नखाने हलकी टिचकी मारा. बोटाला स्पर्श जाणवताक्षणीच टिचकी ऐकू आली, तर ऐकण्याचा मार्ग ठीक आहे. ती एकदाच पण उशिरा आली, तर आवाज संगणकातून फिरून येत आहे. ती दोनदा आली, किंवा बोलताना आपला आवाज पिंपात बोलल्यासारखा पोकळ वाटला, तर तो एकाच वेळी दोन मार्गांनी कानापर्यंत पोहोचतो आहे.

हा तिसरा प्रकार फार आढळतो आणि त्यावर बफर (तो काय, हे पुढे येते) बदलून काहीही साधत नाही. ऑडिओ इंटरफेसवरचे, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावरचे, डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज थेट कानाकडे पाठवण्याची सोय) चालू असते आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचे मॉनिटरिंगही चालूच राहिलेले असते. यांपैकी एक बंद करणे एवढाच उपाय आहे. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत तो आवाज थेट ऐकवण्याचा एक वेगळा पर्याय असतो, तोही बंद असल्याची खात्री करावी.

आवाज एकदाच पण उशिरा येत असेल, तर त्या उशिराचे कारण समजून घ्यायला हवे. संगणक प्रत्येक सॅम्पल, म्हणजे आवाजाचे एका क्षणाचे माप, सुटे हाताळत नाही, तर ठरावीक संख्येचा गठ्ठा जमला की तो पुढे पाठवतो, आणि हा गठ्ठा म्हणजेच बफर. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दराने २५६ सॅम्पलचा गठ्ठा भरायला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात, तर १०२४ सॅम्पलचा भरायला सुमारे २१.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा दोनदा थांबतो, शिवाय ड्रायव्हर (उपकरण संगणकाशी जोडणारे सॉफ्टवेअर) आणि रूपांतरक (आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणारा भाग) यांचा वेळ वेगळा. हवेत ध्वनी १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा साडेतीन मीटरांवरचा स्पीकर ऐकण्यासारखा आहे. गिटारवादक तेवढे सहज चालवून घेतो. गायकाला मात्र स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येत असल्यामुळे त्याहून कमी उशीरही खटकतो.

सर्वांत आधी ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून तारेचे लावा, कारण ब्लूटूथचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्याही पुढे जातो आणि तो बफर कमी करून जात नाही. मग ड्रायव्हर पाहा. विंडोजवर एमएमई ही जुनी पद्धत निवडलेली असेल, तर त्याऐवजी इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडा. तो नसेल तर एएसआयओफोरऑल किंवा विंडोजमधलेच वासापी वापरून पाहा. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असते आणि लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर हे काम करते.

त्यानंतर बफर १२८ किंवा ६४ वर आणा. चरचर किंवा तुटकपणा ऐकू आला, तर एक पायरी वर जा. लॅपटॉपची वीजबचत, वाय-फाय आणि मध्ये लावलेला यूएसबी हब ही चरचरीची नेहमीची कारणे आहेत. बफर लहान असूनही उशीर राहिला, तर मास्टर ट्रॅकवरचे (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथले) प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअरे, तपासा: लिनिअर फेज इक्वलायझर किंवा पुढचे आधी वाचणारा लिमिटर स्वतःचा वेळ घेतो, आणि सॉफ्टवेअर इतर ट्रॅक जुळवून घेऊ शकले तरी आत्ता गायल्या जाणाऱ्या आवाजाला आधी आणू शकत नाही. मुद्रणापुरते असे प्लगइन बंद ठेवावेत.

तरीही माझ्या मते गायकासाठी डायरेक्ट मॉनिटरिंगइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही, कारण त्यात आवाज संगणकात न शिरता थेट कानाकडे जातो. कोरड्या आवाजावर गाणे जड जाते ही तक्रार खरी आहे, पण तीही सुटते: ट्रॅकचा मूळ आवाज बंद ठेवून सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्बची गुंज हेडफोनमध्ये पाठवा. गुंज थोडी उशिरा आली तरी कानाला ती स्वाभाविकच वाटते.

आता दुसरा बिघाड, मागे पडलेला ट्रॅक. मॉनिटरिंग पूर्ण बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरून कर्कश शिटी उठेल. पातळी कमी ठेवून इंटरफेसच्या आउटपुटपासून लाइन इनपुटपर्यंत एक केबल जोडा, ठोक्यांचा ट्रॅक वाजवा आणि तोच नव्या ट्रॅकवर मुद्रित करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहिले, की एकाच ठोक्याच्या दोन टोकांमधले अंतर स्पष्ट दिसते. समजा ते ४८,००० च्या दराला ५७६ सॅम्पल निघाले, तर मुद्रण १२ मिलिसेकंद मागे पडते आहे. तेवढी दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरावी. ऑडॅसिटी या मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला लेटन्सी कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि तिथे उणे आकडा ट्रॅकला मागून पुढे, म्हणजे आधीच्या वेळेकडे सरकवतो. ड्रायव्हर, बफर किंवा सॅम्पल रेट बदलला, की हे माप पुन्हा घ्यावे.

मात्र हे अंतर सुरुवातीला नगण्य असून गाण्याच्या शेवटापर्यंत वाढत जात असेल, तर तो लेटन्सीचा प्रश्नच नाही. यूएसबी माइक एक आणि आवाज ऐकवणारे उपकरण दुसरे असले, की दोघांची घड्याळे किंचित वेगळ्या गतीने चालतात. अशा वेळी मुद्रण आणि श्रवण दोन्ही एकाच इंटरफेसवरून करावे.