चेहऱ्याची लाली हटत नसेल तर आधी ट्यूब वाचा

गाल आणि नाक महिनोन्महिने लाल, त्यावर बारीक पुळ्या, साधं पाणी लागलं तरी चुरचुर. अशा चेहऱ्याला नवं काही लावण्याआधी सध्याच्या क्रीमची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून ते घरोघरी फिरतं. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि क्रीम एक दिवस चुकलं की आग होते. मनानेच एकदम बंद केलं तर लाली उसळते आणि घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडली जाते. म्हणून ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कसं थांबवायचं ते त्यांना ठरवू द्या.

स्टेरॉइड नसेल तर रोझेशियाची, म्हणजे चेहरा वारंवार लाल होणाऱ्या त्वचेच्या जुनाट आजाराची, शक्यता मोठी. मुरमांत ब्लॅकहेड असतात, यात नसतात. सावळ्या वर्णावर लाली तपकिरी-जांभळट दिसते, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. मुरमांची कडक औषधं इथे उलटी पडतात.

चार आठवडे तीनच गोष्टी ठेवा. बिनवासाचा सौम्य क्लिन्झर, कोमट पाणी, बोटांनी अर्धा मिनिट. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. चेहरा ओलसर असतानाच सिरॅमाइडचं (त्वचेत ओलावा धरून ठेवणाऱ्या स्निग्ध घटकाचं) मॉइश्चरायझर. सकाळी झिंक ऑक्साइडचं एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा भरतील इतकं; उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कमी लावलं तर उपयोग तितकाच कमी. बेसन-हळद-लिंबू, वाफ, स्क्रब, ब्लीच बंद. नवी वस्तू आधी कानामागे रुपयाएवढ्या जागेवर सात दिवस लावून बघा.

नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत गाडीवर तोंडाला घट्ट गुंडाळलेला पॉलिस्टरचा स्कार्फ स्वतःच लाली वाढवतो: आत उष्णता कोंडते, घाम साचतो, कापड गालावर घासतं. सैल सुती ओढणी घ्या, रोज धुवा, साबण नीट निघू द्या. थंडीत गीझरचं कढत पाणी तोंडावर नको. मिसळ सोडायलाच हवी असं नाही. तर्री कमी घ्या, वाफ जाऊ द्या, लगेच वर गरम चहा नको. वाइननेही अनेकांचा चेहरा पेटतो. दोन आठवडे काय खाल्लं, कुठे ऊन लागलं आणि लाली कधी चढली ते वहीत लिहा. प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं.

रोझेशियासाठी डॉक्टर बहुधा चेहऱ्याला लावायला मेट्रोनिडॅझोल, १५ टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड किंवा १ टक्का आयव्हरमेक्टिन देतात. अ‍ॅझेलेइक सुरुवातीला झोंबतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. अनेक जण त्याआधीच सोडून देतात, आणि तिथेच सगळं फसतं. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा, कारण यावर कधीकधी पोटात घ्यायला देतात ते डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक तेव्हा चालत नाही.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, किंवा लाली नाकाच्या कडेची घडी सोडून दोन्ही गालांवर पसरली असेल आणि सोबत सांधे दुखत असतील, तर चार आठवडे थांबू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.