टीव्हीखालच्या कॉम्प्युटरसाठी कॅबिनेट घेताय? या चुका टाळा

म्हापशातल्या आमच्या घरी टीव्हीखाली सुताराकडून करून घेतलेलं शोकेस आहे. सिनेमे आणि बाबांनी जमवलेली नाट्यसंगीताची रेकॉर्डिंग्ज ऐकायला त्यात एक कॉम्प्युटर ठेवायचं ठरलं, आणि मी सगळ्यांत आधी कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचं सामान बसवायची पेटी, घेऊन आलो. काळं, चपटं, डीव्हीडी प्लेयरसारखं देखणं. तिथेच चुकलं.

कॅबिनेट आधी आणि आतलं सामान नंतर, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मिनी-आयटीएक्स मापाचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी) १७० मिमी लांब-रुंद असतो, मायक्रो-एटीएक्स २४४ मिमी. एवढं सगळेच बघतात. उंची कोणी बघत नाही. माझ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरसाठी ४५ मिमी जागा होती आणि प्रोसेसरसोबत आलेला कूलर निघाला ५४ मिमीचा. झाकण लागेना. शेवटी ३७ मिमीचा बुटका कूलर वेगळा विकत घेतला. चपट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचंच लागतं; पण नुसते सिनेमेच बघायचे असतील तर कार्डाच्या भानगडीत पडू नका. अंगचं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग आतच असलेला आजचा प्रोसेसर ४के सिनेमा आरामात चालवतो. इंटेलचा घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, तेवढं तपासा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं.

शोकेसची मापंही आधीच घ्या. पुढून मागपर्यंतचं अंतर मोजताना मागे एचडीएमआयची वायर वळायला निदान ५-६ सेंमी सोडा, नाहीतर दार लावताना पिनवर ताण येतो.

आता उष्णता. आमचा सिनेमा तासाभराने अडखळायला लागायचा आणि पंखा घोंघावायचा. आठवडाभर मी सॉफ्टवेअरच्या मागे लागलो होतो. मग एकदा शोकेसचं काचेचं दार उघडं राहिलं आणि दहा मिनिटांत सगळं शांत! तुमच्याकडे असं होत असेल तर हीच परीक्षा आधी करा. दार उघडल्यावर आवाज उतरला, तर गरम हवेला बाहेर जायला वाट नाही असं समजा. सुताराकडून मागच्या फळीला खाली एक आणि वर एक भोक पाडून घ्या; गरम हवा वरून निघते, थंड खालून येते.

पंख्याच्या आकारावर मात्र तडजोड करू नका. ४० मिमीचा पंखा तेवढीच हवा फेकायला फार जोरात फिरतो आणि कर्कश वाजतो. १२० मिमीचा सावकाश फिरूनही भागवतो. पद सुरू होण्याआधी तानपुरा जुळत असतो, तो नाजूक झंकार पंख्याखाली दबला तर एवढा खटाटोप कशासाठी?

गोव्याच्या हवेचा विचार तर दुकानात कोणी करतच नाही. पहिल्याच पावसाळ्यानंतर मी झाकण काढलं, तर स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस पूड आणि पत्र्याच्या कापलेल्या कडेला गंजाची रेघ. म्हणून ॲल्युमिनियमचं, नाहीतर कडांपर्यंत नीट रंग चढलेलं कॅबिनेट निवडा. समुद्राजवळ राहत असाल तर हे जास्तच पाळा. जुलै-ऑगस्टमध्ये कॉम्प्युटर रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतली ओल सुकते. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी हवीच. धुळीसाठी आणि मुंग्यांसाठीही. जाळी धुतली तर खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवू नका.

रिमोटचा सेन्सर लाकडी दारामागे चालत नाही. पत्र्याच्या पेटीत वाय-फायही दबतं. अँटेना बाहेर काढता येत असेल तर ठीक. आमच्यासारख्या चिऱ्यांच्या जाड भिंती असतील तर सरळ लॅनची वायर ओढा.

यंदा चतुर्थीला हॉल पाहुण्यांनी भरला होता. दुपारपासून आरतीपर्यंत रेकॉर्डिंग्ज सलग चालली, शोकेसचं दार बंद ठेवून. कॅबिनेटवर हात ठेवला तर जेमतेम कोमट.