गोबरा गळाला लागला तर

मालवणच्या समुद्रात मी होडीवरून गरवतो, म्हणजे गळाने मासे धरतो. सुरमई, बांगडा हे फिरते मासे. आज इथे, उद्या देवगडला. गोबऱ्याचं, म्हणजे ग्रुपर माशाचं, तसं नाही. एकदा खडपातली, म्हणजे पाण्याखालच्या खडकांतली, कपार धरली की तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो, त्यामुळे जागा कळली की चार दिवसांत ते खडप रिकामं करता येतं. त्यात बहुतेक गोबरे आधी मादी असतात आणि मोठेपणी त्यांतले काही नर होतात. थोराड मासे तेवढे उचलत गेलो की नरच संपतात. म्हणून हे लिहितोय, विशेषतः सुट्टीत गरवायला येणाऱ्यांसाठी.

आधी ओळख पक्की करा. राक्षसी गोबरा अडीच मीटरच्याही वर वाढतो. त्याचं पिल्लू पिवळं असतं, अंगावर वेडेवाकडे काळे पट्टे. वाढला की रंग करडा-तपकिरी होतो, पिवळसर परांवर काळे ठिपके दिसतात आणि शेपटी गोल असते. २००१मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. लागला तर सोडायचाच, यात चर्चा नाही. बाकीच्या गोबऱ्यांत ताटात मावेल असं पिल्लू आणि हातात न मावणारा थोराड, दोन्ही परत. मधलाच एखादा घरी न्या.

गळ गोलाकार घ्या, ज्याला सर्कल हुक म्हणतात. तो माशाच्या पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त झटका द्यायचा नाही; दोर हळूहळू ताणत आणा.

आता सोडणं. इथेच बहुतेकांचं चुकतं. खोल पाण्यातून गोबरा वर ओढला की त्याच्या अंगातली हवेची पिशवी फुगते. डोळे बाहेर येतात, तोंडातून गुलाबी फुगा डोकावतो. तो फुगा म्हणजे त्याचं पोट. त्याला सुई टोचू नका. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर उताणा तरंगतो आणि घारी त्याला उचलतात. त्याला खाली पोहोचवावं लागतं. एक मोठा गळ घ्या, टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दोर गळाच्या वाकात बांधा आणि एरवी जिथे दोर बांधतो त्या गळाच्या छिद्रात शिसं अडकवा, म्हणजे टोक खाली राहील. हे टोक माशाच्या खालच्या ओठात अडकवून त्याला तळापर्यंत सोडा. जसजसा खाली जातो तसतशी हवा आकसते. तळाशी पोहोचला की दोराला वर एक हिसका द्या, गळ सुटतो. शिसं माशाला बुडवण्याएवढं जड हवं. मोठ्या गोबऱ्याला किलोभर तरी ठेवा. हे सगळं झटपट करायचं. हात ओले ठेवा, कल्ल्यात बोटं घालू नका, फोटो एकच.

जागा सांगत सुटू नका. मोबाईलवर खूण करून ती ग्रुपवर टाकली की त्या खडपाचं काय होतं ते मी पाहिलंय. एकाच ठिकाणी मोठे गोबरे भराभर लागू लागले तर ते विणीसाठी जमलेले असू शकतात. तिथून होडी हलवा. कॅरिबियनमधल्या लिटल केमन बेटाजवळ नासाऊ ग्रुपर नावाचा गोबऱ्याचा भाऊबंद असाच जमतो. २००१मध्ये ती जागा सापडली आणि दोन मोसमांत हजारो मासे मारले गेले. २००३मध्ये तिथली विणीच्या काळातली मासेमारी बंद झाली. २००९मध्ये तिथे सुमारे १,२०० मासे होते, २०१८पर्यंत ते ७,०००च्या आसपास गेले. वेळ लागतो, पण मासा परत येतो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पदमगड त्याच्या गाभ्यात येतात. तिथे गळ टाकूच नका. खडपात अडकलेलं जुनं जाळं दिसलं तर वरून ओढू नका, प्रवाळ मोडतात. पाणबुड्यांना सांगून कापून काढा.

आणि जाळ्यावाल्या भावांनो, संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणून कापताना आणि सोडताना व्हिडिओ घ्यायला एकाला आधीच नेमून ठेवा.